केसपेपरवर नसलेलं दुखणं

(एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

१८९८ सालचा हिवाळा. १६ नोव्हेंबरला व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्टहाइम या शल्यविशारदाने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एक मोठी शस्त्रक्रिया केली. गर्भाशय, त्याच्या दोन्ही अंगांच्या ऊती, योनीमार्गाचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी असं सगळं काढून टाकायचं, अशी ती पद्धत. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, डिसेंबर सरता सरता, पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला. एकाच कॅन्सरवरचे दोन मुख्य उपचार असे युरोपातल्या दोन राजधान्यांत एकाच हिवाळ्यात जन्मले. त्या विस्तृत शस्त्रक्रियेला वेर्टहाइमचं नाव आजही चिकटलेलं आहे.

वेर्टहाइमच्या सुरुवातीच्या कितीतरी रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लगेच दगावल्या. तरी त्याने काम सोडलं नाही, कारण शस्त्रक्रियेविना त्या सगळ्याच जाणार होत्या. तेव्हापासून या उपचारांचा हिशेब एकाच रकान्यात मांडला गेला: पाच वर्षांनी किती जणी जिवंत आहेत? मरण दारात उभं असताना दुसरा रकाना कुणाला सुचणार! पण उपचार सुधारले, बायका जगू लागल्या, चाळिशीत बऱ्या होऊन सत्तरीपर्यंत पोचू लागल्या, तरी वहीत रकाना तेवढा एकच राहिला.

व्याख्यानमालांमध्ये कॅन्सर हा विषय आता नवा नाही. लक्षणं, वेळेवर तपासणी, जिद्दीने लढलेल्या रुग्णांच्या कहाण्या, टाळ्या आणि आभारप्रदर्शन. या ठरलेल्या वाटेवरचा एक मुक्काम दरवेळी गाळला जातो. उपचार संपवून घरी आलेल्या बाईच्या शरीरसंबंधांचं, तिच्या सुखाचं आणि तिच्या दुखण्याचं पुढे काय होतं? तो गाळलेला मुक्काम हाच या व्याख्यानाचा विषय. गर्भाशयमुख, गर्भाशय, बीजांडकोश, योनी आणि योनीचा बाहेरचा भाग अशा सगळ्या ठिकाणच्या कॅन्सरमध्ये हा प्रश्न येतो. पण भारतात त्याचं मोठं ओझं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं आहे, म्हणून इथे भर त्याच्यावर. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार त्याने मरतात. म्हणजे त्यातून वाचून पुढे वर्षानुवर्षं जगणाऱ्या बायकाही काही थोड्याथोडक्या नाहीत.

आधी शरीराचं बघू, कारण या विषयात लाजेइतकाच गोंधळ शरीररचनेबद्दलच्या अज्ञानाने झालेला आहे. योनीमार्गात ओलावा येतो तो गर्भाशयातून येतो, असा समज शिकलेल्या घरांतही असतो. 'पिशवी काढली' म्हणजे आता काहीच उरलं नाही, ही समजूत त्यातूनच निघते. प्रत्यक्षात उत्तेजनेच्या वेळी योनीमार्गाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या भरून येतात आणि त्यांतला पातळ द्राव भिंतीतून पाझरतो. या रक्तवाहिन्यांना हुकूम देणारे मज्जातंतू गर्भाशयाच्या दोन्ही अंगांनी, मूत्राशयाला खेटून जातात. वेर्टहाइमच्या वाटेने शस्त्रक्रिया करताना बाजूच्या ऊती जितक्या लांबवर काढाव्यात तितके ते तंतू तुटण्याची शक्यता वाढते. मग काही बायकांना लघवी लागल्याची जाणीव नीट होत नाही, कुंथावं लागतं. आणि काहींना ओलावा येत नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. पण लघवीची तक्रार केसपेपरवर चढते, दुसरी चढत नाही.

योनीचा कॅन्सर आणि बाहेरच्या भागाचा कॅन्सर वगळला, तर या शस्त्रक्रियांत शिश्निकेला सहसा धक्का लागत नाही. तिची संवेदना वाहून नेणारी नस वेगळ्या वाटेने येते. त्यामुळे पिशवी काढल्यानंतरही लैंगिक सुखाच्या परमबिंदूला पोचण्याची क्षमता बहुतेकींमध्ये शाबूत असते. ही साधी गोष्ट रुग्णांना सांगितली जात नाही, याचं फार नवलही वाटू नये. शिश्निकेची खरी रचना, तिचा बराचसा भाग शरीराच्या आत असतो ही गोष्ट, मेलबर्नच्या हेलन ओकॉनेल या मूत्ररोग शल्यविशारदांनी बारकाईने विच्छेदन करून १९९८मध्ये मांडली. वेर्टहाइमच्या शस्त्रक्रियेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. काढायचं काय ते शतकभर आधी ठरलं होतं, वाचवायचं काय त्याचा नकाशा इतक्या उशिरा आला.

किरणोपचारांची गोष्ट निराळी, आणि आपल्याकडे तीच जास्त महत्त्वाची; कारण आपल्या बायका दवाखान्यात पोचतात तेव्हा आजार बहुधा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिशी ते पन्नाशीच्या बायकांपैकी दोन टक्क्यांहून कमी जणींची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती. उरलेल्यांचा आजार कळतो तो अंगावरून पांढरं किंवा रक्त जाणं थांबेना झालं की, आणि मग उपचार ठरतो तो रेडिएशनचा. बायकांच्या बोलण्यात त्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे बाहेरून किरण, एकूण मात्रा ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. आणि शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे योनीमार्गातून नळ्या बसवून किरणांचा स्रोत थेट गाठीपाशी नेणं.

गाठ वितळते. त्याबरोबर शेजारची निरोगी त्वचाही भाजते. योनीमार्गाचं आतलं अस्तर सोलवटतं, बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि पुढच्या महिन्यांत भिंतीतल्या लवचीक ऊतीची जागा व्रणाची ताठर ऊती घेते. समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटू लागतात. मार्ग अरुंद होतो, आखूड होतो. बीजांडकोश तर याहून फार कमी मात्रेत बंद पडतात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला सहा ग्रेच्या आसपासची मात्राही पुरते. निसर्गाने पाच-सात वर्षांत हळूहळू आणली असती ती रजोनिवृत्ती दोन महिन्यांत येऊन आदळते: अंगातून वाफा, झोप उडणं, कोरडेपणा, इच्छा मावळणं. अडतीस वर्षांच्या बाईला हे कुणी आधी सांगितलं नसेल, तर ती या सगळ्याचं खापर स्वतःच्या स्वभावावर फोडते.

हे सगळं मोजता येतं का? येतं. १९९९मध्ये स्वीडनच्या करिन बर्गमार्क आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांना आणि तो कधीच न झालेल्या बायकांना एकच प्रश्नावली पाठवली. ओलावा अपुरा पडतो असं सांगणाऱ्या कॅन्सर झालेल्यांत २६ टक्के होत्या, इतरांत ११ टक्के. योनीमार्ग आखूड झाल्यासारखा वाटतो असं म्हणणाऱ्या २६ टक्के विरुद्ध ३ टक्के. आणि त्याच अभ्यासातला एक आकडा इथे थांबून वाचण्यासारखा आहे: नियमित संबंध ठेवणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६८ टक्के, दुसऱ्यात ७२. म्हणजे दुखत होतं, कोरडं होतं, तरी संबंध सुरूच होते. संबंध चालू आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, हा डॉक्टरांचा आवडता निष्कर्ष त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

डेन्मार्कच्या पेर्निल येन्सन यांनी निव्वळ किरणोपचार घेतलेल्या ११८ बायकांचा दोन वर्षं मागोवा घेतला. ८५ टक्के जणींची इच्छा कमी झाली होती किंवा उरलीच नव्हती, निम्म्याहून अधिक जणींना कमी-अधिक वेदना होत होत्या. आणि आजाराआधी ज्यांचे संबंध होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के जणींनी ते पुढेही ठेवले. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत किती कर्तव्य, किती माया आणि किती धाक आहे, ते प्रश्नावलीला सांगता येत नाही.

आता मराठवाड्याच्या वेशीवर येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७मध्ये इथे सुरू झाली. त्याच बळावर १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या साथीने एक प्रचंड काम झालं. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका. २००९मध्ये आलेल्या निष्कर्षाने जगाचं धोरण बदललं: या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या, आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या बायकांनी आयुष्यात कधी कुणा परक्यापुढे लुगडं सैल केलं नव्हतं, त्यांना गावातल्याच कार्यकर्त्यांनी समजावून तपासणीच्या टेबलापर्यंत आणलं. 'आमच्या बायका या विषयावर बोलतच नाहीत' या सबबीला याहून सणसणीत उत्तर नाही. योग्य माणसाने योग्य जागी विचारलं की बोलतात.

पण मोठे उपचार घ्यायचे तर वाट बहुधा मुंबईची. परळला टाटाजवळ खोली परवडत नाही, म्हणून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा तशाच एखाद्या आसऱ्याला दीड-दोन महिने काढायचे. रोज लाईट, आठवड्याला सलाईन, रात्री दहा-वीस अनोळखी माणसांच्या शेजारी पथारी. नवराबायको आयुष्यात पहिल्यांदाच सासू-सासऱ्यांवाचून इतके दिवस एकत्र असतात आणि त्या दिवसांत एकमेकांना धड हात लावण्याइतकाही आडोसा नसतो. ब्रॅकीथेरपीचा दिवस तर बायका सहसा कुणाला सांगत नाहीत. व्हिएन्नाच्या मानसतज्ज्ञ कॅथ्रिन किर्शहाइनर यांनी, नळ्या बसवलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहावं लागलेल्या तिथल्याच रुग्णांना तीन महिन्यांनी तपासलं. साधारण पाचांतल्या दोघींमध्ये मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती. पुढे शरीरसंबंध हा शब्द उच्चारला की त्या बाईला आधी काय आठवत असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

घरी परतल्यावरची भीती आणखी वेगळी. या आजाराचं पहिलं लक्षण कितीतरी जणींच्या बाबतीत संबंधानंतर जाणारं रक्त हेच असतं. म्हणजे तिच्या आणि त्याच्याही मनात कॅन्सर आणि संबंध यांची गाठ पहिल्या दिवसापासून बसलेली. किरणांनी नाजूक झालेल्या अस्तरातून उपचारांनंतर पहिल्या जवळिकीत पुन्हा दोन थेंब रक्त दिसलं, की दोघांचेही हातपाय गळतात. 'परत आला.' बहुतेक वेळा तो परत आलेला नसतो. तरी रक्त दिसलं तर दाखवून घ्यायलाच हवं. आणि कोवळ्या अस्तरातून असं होऊ शकतं, एवढं जरी आधी सांगितलेलं असलं तरी ती रात्र सुसह्य होते.

नवऱ्याला वाटतं, आपल्याला लागण होईल. कॅन्सर असा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एचपीव्ही विषाणू संबंधातून पसरतो हे खरं. पण तो इतका सर्वसामान्य आहे की शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो केव्हा ना केव्हा होऊन गेलेला असतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. सासूला वाटतं, सुनेच्या अंगात लाईट भरलेली आहे. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत, आणि आज वापरात असलेल्या ब्रॅकीथेरपीत स्रोत प्रत्येक वेळी बाहेर काढला जातो. बाईला वाटतं, संबंध ठेवले तर आजार उलटेल. तसंही काही नाही. पण या तीन भीती एका घरात एकत्र नांदू लागल्या की अंथरुणं वेगळी होतात, आणि कुणी कुणाला कारण विचारत नाही. नवरा तिला दुखेल म्हणून लांब राहतो. तिला वाटतं, आपण नकोशा झालो.

आणि याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र गोड होईल. काही बायकांना हा आजार म्हणजे सुटका वाटते. वर्षानुवर्षं मनाविरुद्ध संबंध सहन केलेल्या बाईला 'डॉक्टरांनी नको सांगितलंय' हे वाक्य ढालीसारखं लाभतं. ते तिच्याकडून काढून घेणारे आपण कोण? म्हणूनच हा प्रश्न विचारायचा तो तिला एकटीला, नवरा खोलीबाहेर असताना. तिला काय हवं आहे ते आधी. तिला परत 'कामाला लावणं' हा उपचारांचा हेतू असूच शकत नाही.

ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि त्यातलं फारसं काही महाग नाही. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणाऱ्या जेली आणि आठवड्यातून दोन-तीनदा लावायची ओलावा टिकवणारी औषधं. खोबरेल वापरणाऱ्या घरांत निरोध वापरत असाल तर सावध राहा, तेलाने रबर खराब होतं. इस्ट्रोजेनचं योनीत लावायचं मलम अनेकींना मोठा आराम देतं. गर्भाशयमुखाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या, खवल्यांसारख्या पेशींच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन वर्ज्य नाही. उलट अकाली रजोनिवृत्ती आलेल्या तरुण बाईच्या हाडांसाठी आणि हृदयासाठी संप्रेरकांचा विचार करावाच लागतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि काही प्रकारच्या बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये हिशेब बदलतो, तिथे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीच नको.

मग डायलेटर. गुळगुळीत, लांबट, चढत्या मापांच्या नळ्या. भिंती चिकटू नयेत म्हणून किरणोपचारांनंतरची आग शमली की, साधारण महिना-दोन महिन्यांनी, जेली लावून, गुडघे दुमडून, निवांत पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. हलके गुलाबी डाग लागणं चालतं. जास्त रक्त किंवा कळ आली तर थांबायचं आणि दाखवायचं. कागदावर सोपं वाटतं. दोन खोल्यांच्या घरात पाच-दहा मिनिटं कुठून आणायची? धुऊन वाळत कुठे घालायचं? पोरांच्या हाती लागलं तर काय सांगायचं? यावर नर्सने दोन मिनिटं बोलणं आणि झाकणाचा एक डबा सोबत देणं, यानेच नळी वापरली जाणार की ट्रंकेच्या तळाशी जाणार ते ठरतं.

आपल्या दवाखान्यांत डायलेटर दिला जातो तेव्हा बहुधा 'पुढच्या तपासणीसाठी मार्ग मोकळा राहावा' असं सांगितलं जातं. कारण खोटं नाही. मार्ग चिकटला तर डॉक्टरांना गर्भाशयमुख दिसत नाही आणि आजार परतला तर उशिरा कळतो. विधवा आणि एकट्या बायकांनाही म्हणून तो द्यायलाच हवा. पण एवढंच सांगून थांबण्यात डॉक्टरांची सोय जास्त आहे. बाईला नळी मिळते, तिच्या सुखाचा विषय मात्र पुन्हा डॉक्टरांच्या सोयीखाली झाकला जातो.

डॉक्टर का बोलत नाहीत? हे फक्त आपल्याकडचं सोवळं आहे असं समजायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये २००३साली बीजांडकोशाच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सना विचारलं गेलं. लैंगिक अडचणींबद्दल रुग्णाशी बोलायला हवं, असं त्यांच्यापैकी ९८ टक्के म्हणाले. प्रत्यक्ष बोलत होते २१ टक्के. शिकागोच्या स्टेसी लिंडाव यांनी २००७मध्ये गर्भाशयमुखाच्या आणि योनीच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या १६२ बायकांचं म्हणणं नोंदवलं: डॉक्टरांनी हा विषय काढायला हवा, असं ७४ टक्के जणींना वाटत होतं, ६२ टक्के जणींपुढे तो कधी निघालाच नव्हता. दोघेही समोरच्याने सुरुवात करावी म्हणून थांबलेले. आळीमिळी गुपचिळी! आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. पंचेचाळिशीत आजी झालेल्या बाईला 'हे' काय विचारायचं, असं तिशीतल्या निवासी डॉक्टरला वाटतं.

वास्तविक मराठीत या विषयाला जुनी परंपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, असं त्यांनी त्या काळात छापलं, त्यापायी खटले सोसले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. टाटाच्या शेजारच्याच केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग उभा केला. ईव्ह एन्सलर यांच्या गाजलेल्या नाटकाला वंदना खरे यांनी मराठीत 'योनीमनीच्या गुजगोष्टी' या नावाने रंगमंचावर आणलं, तेव्हा लोक तिकीट काढून ते ऐकायला गेले. एन्सलर यांचं पुढचं आयुष्य इथे आठवायला हवं. ज्या लेखिकेने जगभरच्या बायकांना आपल्या त्या अवयवाविषयी बोलतं केलं, तिलाच २०१०मध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं. शस्त्रक्रिया, संसर्ग, केमो या सगळ्यातून गेलेल्या शरीरावर तिने २०१३मध्ये आत्मकथनपर पुस्तक लिहिलं. एवढी बोलकी बाईसुद्धा, आजार होईपर्यंत आपण स्वतःच्या शरीरापासून तुटलेल्या होतो, असं त्यात म्हणते.

कॅन्सरच्या नुसत्या भीतीने काय होतं, त्याचा धडा मात्र आपल्याच राज्यात बीडने दिला. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात अशी ओरड झाल्यावर २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जाण्याच्या साध्या तक्रारीवर 'काढली नाही तर कॅन्सर होईल' असं अनेकींना सांगितलं गेलं होतं. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो, म्हणून बायकांनी ते मानलं. ज्यांचे बीजांडकोशही गेले त्यांना तिशीतच म्हातारपण आलं. कॅन्सर झालेल्या बाईला जे नाइलाजाने सोसावं लागतं, ते यांनी विनाकारण, पदरचे पैसे मोजून सोसलं.

गेल्या काही दशकांत मात्र वहीत नवे रकाने पडू लागले आहेत, आणि त्यांनी उपचारच बदलले. मज्जातंतू ओळखून बाजूला ठेवण्याची शस्त्रक्रिया जपानी शल्यविशारदांनी मूत्राशय वाचवण्यासाठी विकसित केली होती. तीच आता योनीमार्गाच्या संवेदनेसाठीही महत्त्वाची ठरते आहे. फ्रान्समधल्या लिऑनला डॅनिएल दार्जां यांनी १९८७मध्ये गर्भाशयमुख आणि त्याच्या बाजूच्या ऊती काढून गर्भाशय राखण्याची पद्धत सुरू केली, म्हणून काही तरुण रुग्णांना पुढे मुलं झाली. आणि २०२४मध्ये 'शेप' या चाचणीचा निकाल आला. दोन सेंटिमीटरपर्यंतची छोटी गाठ असलेल्या ७०० बायका. निम्म्यांना वेर्टहाइमच्या वळणाची विस्तृत शस्त्रक्रिया, निम्म्यांना साधं गर्भाशय काढणं. तीन वर्षांनी ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे दोन-अडीच टक्के, जवळजवळ सारखंच. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारी मात्र साध्या शस्त्रक्रियेत कमी. सव्वाशे वर्षं या बायकांच्या शरीरातून गरजेपेक्षा जास्त काढलं जात होतं, हे कळायला कुणाला तरी त्यांच्या तक्रारी मोजाव्या लागल्या.

किरणोपचारांतही तेच. किर्शहाइनर आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये अनेक देशांतल्या ६३० रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं, की योनी आणि गुदाशय यांच्यामधल्या एका ठरावीक बिंदूवर ६५ ग्रे मात्रा पडली तर दोन वर्षांत मार्ग अरुंद होण्याची शक्यता सुमारे २० टक्के, ८५ ग्रेला ती ३४ टक्के. असा बिंदू हाती आला की तो सांभाळून मात्रा बसवता येते. टाटा मेमोरियल या आंतरराष्ट्रीय कामात सहभागी आहे. डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या 'पार्सर' या चाचणीने ३०० बायकांवर सिद्ध केलं, की चित्रांच्या आधारे नेमके सोडलेले किरण वापरले तर आतड्यांचे उशिराचे त्रास ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर येतात. आतड्यांचा इथे काय संबंध, असं कुणी विचारेल. ज्या बाईला केव्हाही शौचाला पळावं लागेल अशी धास्ती असते, ती कुणाच्या कुशीत निर्धास्त कशी शिरेल?

या सगळ्याला यंत्रं आणि पैसे लागतात. विचारायला लागत नाहीत. अमेरिकन मानसतज्ज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६मध्ये सांगितलेली पायऱ्यांची पद्धत अजून वापरात आहे: आधी बोलायची मोकळीक द्यायची, मग थोडी माहिती, मग तिच्या अडचणीपुरता सल्ला, आणि फार थोड्यांना सविस्तर उपचार. पहिल्या दोन पायऱ्या बार्शीची नर्स, गावातली आशाताई, परळचा निवासी डॉक्टर, कुणीही चढू शकतो. 'या उपचारांनंतर पुष्कळ बायकांना जवळ येताना कोरडं वाटतं, दुखतं. तुम्हाला काही तसं होतंय का?' असं 'पुष्कळ बायकांना'पासून सुरू केलं की तिला उत्तर द्यायला अवघड जात नाही. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात. म्हणजे चौदा भेटी. पहिल्या भेटीत ती 'बरं आहे' म्हणेल. दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारायचं, आणि ओलावा, वेदना, रक्त, इच्छा या चार शब्दांपुढे तिचं उत्तर केसपेपरवर लिहायचं.

आणि एक प्रश्न मात्र या चौदा भेटींची वाट पाहू शकत नाही. बत्तिशीतली बाई किरणोपचारांसाठी आली, तर दुर्बिणीतून तिचे बीजांडकोश किरणांच्या वाटेतून वर सरकवून बांधता येतात का, हे आजाराची अवस्था बघून ठरवावं लागतं. ते जमलं तर तिची रजोनिवृत्ती टळू शकते. हे तिच्याशी आणि तिच्या घरच्यांशी बोलायचं ते पहिल्या लाईटच्या आधीच. एकदा किरण सुरू झाल्यावर बीजांडकोश हलवून फारसा उपयोग नसतो.